मोजल्याशिवाय बॅटरी बदलू नये

महाराष्ट्रातल्या गॅरेजांत, सोसायट्यांच्या वाहनतळांवर आणि टॅक्सीचालकांच्या अड्ड्यांवर एक समजूत इतकी घट्ट रुजली आहे, की तिला समजूत म्हणण्याचेही कोणाला सुचत नाही. सकाळी किल्ली फिरवल्यावर सेल्फ नुसता टकटक करतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात, इंजिन काही सुरू होत नाही; लगेच 'बॅटरी गेली' असा निर्णय दिला जातो आणि बहुधा त्याच दिवशी नवी बॅटरी बसवली जाते. या निर्णयामागचा पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायचा तर तो असा आहे : बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, तीनचार वर्षांत तिचे आयुष्य संपतेच, उभी गाडी थोडाफार करंट खातेच, त्याला इलाज नाही, गळती शोधत बसणे हे तासन्‌तासांचे काम असून ते ना गिऱ्हाइकाला परवडते ना कारागिराला, आणि आजच्या गाड्यांत संगणकांचे जाळे असल्यामुळे अशी गळती सामान्य कारागिराच्या हाताला लागणारही नाही. या पूर्वपक्षातले प्रत्येक विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच त्याचा तपशीलवार प्रतिवाद करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे, की उतरलेली बॅटरी हे लक्षण आहे, त्या लक्षणावरून रोगाचे नाव ठरत नाही, आणि ते ठरवण्याचे साधन काही शे रुपयांच्या मल्टिमीटरच्या रूपाने प्रत्येक गॅरेजमध्ये आधीच पडलेले असताना न मोजता बॅटरी बदलणे हा तांत्रिकदृष्ट्या चुकीचा आणि सामाजिकदृष्ट्या महाग पडणारा व्यवहार आहे.

बॅटरी 'उतरते' म्हणजे नेमके काय होते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मोटारीतली शिसे-आम्ल बॅटरी मूलतः फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते याने १८५९ मध्ये शोधलेल्या विद्युतघटाचेच विकसित रूप आहे. तिच्या धन पट्ट्यांवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण पट्ट्यांवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंच्या मध्ये पातळ गंधकाम्ल असते. वीज बाहेर जाऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. उलट दिशेने वीज आत सोडली, की हीच क्रिया मागे फिरते. असे सहा कप्पे एकापुढे एक जोडल्याने पूर्ण भरलेल्या आणि काही तास विश्रांती घेतलेल्या बॅटरीच्या टोकांवर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळतात. निम्मा भार उतरला, की हाच आकडा १२.२ व्होल्टच्या आसपास येतो, आणि १२ व्होल्टच्याही खाली गेलेली बॅटरी व्यवहारात रिकामी समजली जाते. म्हणजे 'उतरणे' ही साठ्याची अवस्था आहे आणि 'जाणे' ही पात्राची अवस्था आहे. हंडा सकाळी रिकामा आढळला म्हणजे तो फुटकाच असला पाहिजे असे कोणी मानत नाही. नळाला पाणी आले होते का, रात्री कोणी उपसले का, हेही विचारले जाते. बॅटरीच्या बाबतीत मात्र हे साधे प्रश्न विचारण्याआधीच नवा हंडा विकत घेतला जातो.

साठा रिकामा होण्याची कारणे मोजकी आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी काढता येतात. पहिले कारण म्हणजे पात्रच जुने होऊन त्याची धारणशक्ती घटणे. दुसरे म्हणजे भरणा अपुरा होणे, म्हणजे कारागीर ज्याला आजही डायनामो म्हणतात तो अल्टरनेटर नीट वीज देत नसणे, त्याचा पट्टा सैल असणे किंवा गाडी रोज केवळ दोनतीन किलोमीटरच चालणे. तिसरे कारण जोडणीतले, म्हणजे टर्मिनलवर पांढरा-हिरवट क्षार चढून किंवा बोल्ट सैल राहून अर्थिंग कच्चे होणे. चौथे कारण म्हणजे गाडी बंद असताना कोणत्या तरी वाटेने वीज जात राहणे. अभियांत्रिकीच्या परिभाषेत या न दिसणाऱ्या वापराला परजीवी भार म्हणतात आणि गॅरेजच्या भाषेत 'गाडी करंट खाते' असे म्हणतात. चारही कारणांचे सकाळचे लक्षण एकच असते. सेल्फ घेत नाही. एकाच लक्षणाची चार कारणे संभवत असताना त्यांपैकी एकच कारण न तपासता गृहीत धरणे याला निदान म्हणता येत नाही.

पूर्वपक्षाचे पहिले विधान, म्हणजे दोष बॅटरीचाच असतो हे विधान, दोन दिवसांच्या एका साध्या प्रयोगाने तपासता येते. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी, चारसहा तास तशीच ठेवावी म्हणजे भरण्यामुळे आलेला तात्पुरता उसना व्होल्टेज ओसरतो, आणि मग मीटरवरचा आकडा लिहून ठेवावा. पहिले चोवीस तास ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. आकडा १२.६५ वरून एकदोन शतांशांनीच घसरला असेल, तर साठा आतल्या आत झिरपत नाही हे सिद्ध झाले. आणि तो मोठ्या फरकाने खाली आला असेल, तर बाहेरची एकही तार जोडलेली नसताना तो घसरल्यामुळे दोष बॅटरीच्याच पोटात आहे, हेही तितक्याच निश्चितपणे सिद्ध झाले. पुढचे चोवीस तास टर्मिनल जोडून, गाडी कुलूपबंद करून ठेवावी. आता आकडा १२.४ पर्यंत खाली आला, तर वीज गाडीत जात आहे, यात शंका उरत नाही. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली घसरते का आणि इंजिन चालू असताना टोकांवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट येतात का, ही आणखी दोन मापने घेतली, की धारणशक्ती आणि भरणा या दोन्ही शंकांचे निरसन होते. या सगळ्यात कारागिराच्या हातचा वेळ जेमतेम पंधरावीस मिनिटांचा आहे. बाकीचा वेळ घड्याळाचा आहे, मजुरीचा नाही.

दुसरे विधान असे, की उभी गाडी करंट खातेच. हे खरे आहे, पण किती खाते हा प्रश्न त्यात गिळला गेला आहे. चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेला विजेचा सेल्फ १९१२ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपले, तेव्हापासून बॅटरी हा गाडीचा अविभाज्य भाग झाला. तरीही त्यानंतर कित्येक दशके किल्ली बंद केली, की एखाद्या घड्याळाखेरीज गाडीत जवळजवळ काहीच जागे राहत नसे. आजच्या गाडीत दूरनियंत्रित कुलूप, चोरीरोधक यंत्रणा, इंजिनाच्या संगणकाची स्मृती आणि संगीतयंत्राने लक्षात ठेवलेली केंद्रे यांना अहोरात्र थोडी वीज लागते. निरोगी गाडीत ही गरज बहुधा २० ते ५० मिलिअँपिअरच्या दरम्यान असते. काही आलिशान गाड्यांत ती थोडी अधिक असते. एक मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. ४० मिलिअँपिअरचा प्रवाह चोवीस तास चालला, तर सुमारे १ अँपिअर-तास इतका साठा खर्च होतो, आणि लहान गाडीतली बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे निरोगी गाडीसुद्धा महिनाभर उभी राहिली तर सुरू होईलच असे नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाल्यावर महिनोन्‌महिने जागच्या जागी उभ्या राहिलेल्या असंख्य गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या, त्यामागे हाच सरळ हिशोब होता. पण त्या अनुभवातून 'उभी गाडी बॅटरी खातेच' असा जो सरसकट निष्कर्ष काढला गेला, तो महिन्याची गोष्ट चार दिवसांना लावतो. महिन्याने उतरलेली बॅटरी ही रचनेची मर्यादा आहे आणि चार दिवसांत उतरलेली बॅटरी हा दोष आहे; या दोन्हींना एकच नाव देणारी भाषा कारागिराला आणि गिऱ्हाइकाला सारखीच फसवते.

हा फरक आकड्यांत पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, एखाद्या गाडीत नेहमीच्या ३० मिलिअँपिअरखेरीज आणखी ३०० मिलिअँपिअर वीज कुठेतरी जात आहे. एकूण ३३० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे ८ अँपिअर-तास आणि चार दिवसांत ३२ अँपिअर-तास. अशा गाडीत नवीकोरी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी बसवली, तर गाडी रोज तासभर चालत असेपर्यंत अल्टरनेटर ही तूट भरून काढतो आणि सारे काही ठीक झाले असे वाटते. मग दिवाळीच्या सुट्टीत मालक चार दिवस गावी जातो आणि परतल्यावर नवी बॅटरी रिकामी सापडते. दोष मग बॅटरी बनवणाऱ्याच्या माथी मारला जातो. विक्रेता तिची तपासणी करतो, ती भरून परत देतो, कारण तिच्यात खरोखरच बिघाड नसतो, आणि वाद सुरू होतो. दरम्यान खरे नुकसान निमूटपणे होत राहते. बॅटरी अर्धवट रिकाम्या अवस्थेत पुन्हा पुन्हा राहिली, की पट्ट्यांवरच्या शिशाच्या सल्फेटचे बारीक कण वाढून त्यांचे टणक स्फटिक बनतात आणि मग भरण्याच्या क्रियेला ते दाद देत नाहीत. या अवस्थेला सल्फेशन म्हणतात. विदर्भातल्या उन्हाळ्यासारख्या उष्णतेत बॅटरीची अंतर्गत झीज आणखी वेगाने होते. अशा रीतीने चारपाच वर्षे टिकू शकणारी बॅटरी दीड-दोन वर्षांत खरोखरच निकामी होते, आणि पूर्वपक्षाला आपले म्हणणे सिद्ध झाल्याचा भास होतो : पाहा, बॅटरीच गेली होती. परंतु येथे कार्यालाच कारण समजण्याची चूक झालेली असते. बॅटरी गेली म्हणून ती उतरत नव्हती, ती वारंवार उतरत राहिली म्हणून गेली.

काही जण गळती मान्य करतात, पण तिचा शोध घेण्याऐवजी रोज रात्री टर्मिनल काढून ठेवण्याचा किंवा बॅटरीवर एक बटण बसवून घेण्याचा सल्ला देतात. गाडी दोनतीन महिने वापरायचीच नसेल, तर हा सल्ला योग्यच आहे आणि त्याविषयी वाद नाही. रोजच्या वापरातल्या गाडीसाठी मात्र तो घातक आहे, कारण त्यामुळे लक्षण झाकले जाते आणि दोष तसाच राहतो. इंजिनाच्या संगणकाने शिकून ठेवलेल्या जुळण्या पुसल्या जातात, काही गाड्यांत काचांची आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते, चोरीरोधक यंत्रणा रात्रभर आंधळी राहते आणि रोज सैल-घट्ट होणारे टर्मिनल शेवटी स्वतःच कच्च्या जोडणीचे कारण बनते. याहून गंभीर बाब अशी, की गळतीचे मूळ जर सोललेल्या तारेत किंवा ओल्या जोडणीत असेल, तर दिवसा, गाडी वापरात असताना आणि टर्मिनल जोडलेले असताना तेथे उष्णता निर्माण होतच असते. ज्या तारेकडे लक्ष देण्याची गरज आहे, तिच्याकडे पाहणेच या उपायाने बंद होते.

तिसरा पक्ष अनुभवी वायरमनचा आहे. टर्मिनल किंचित उचलून ठिणगी पाहिली किंवा मध्ये टेस्ट लॅम्प धरला, की करंट लीक आहे की नाही ते कळते, असे तो सांगतो. जुन्या गाड्यांवर ज्याचे हात तयार झाले, त्याच्या अनुभवाचा मान राखूनही हे सांगितले पाहिजे, की ही परीक्षा आता निरुपयोगी झाली आहे. आजच्या निरोगी गाडीतही टर्मिनल पुन्हा टेकवताच सर्व नियंत्रक एकदम जागे होतात, त्यांच्यातले संधारित्र, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे घटक, भरू लागतात आणि ठिणगी पडतेच. ती गळतीची साक्ष देत नाही. टेस्ट लॅम्पच्या मंद लालीवरून ५० आणि १५० मिलिअँपिअर यांतला भेद डोळ्याला सांगता येत नाही, आणि निर्णय तर नेमका त्याच भेदावर अवलंबून आहे. शिवाय भरणीच्या वेळी बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत चार ते पंचाहत्तर टक्के प्रमाणात असला, तर पेट घेऊ शकतो. बॅटरीच्या तोंडाशी मुद्दाम ठिणगी पाडणे ही परीक्षा डोळ्यांवर आणि चेहऱ्यावर बेतू शकते.

यावर मापनाची रीत कशी असावी, हे तपशिलाने पाहणे इष्ट आहे, कारण पूर्वपक्षाचे सारे बळ 'हे काम अवघड आहे' या एका वाक्यात आहे. बॉनेट उघडून त्याची खिट्टी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलावी, म्हणजे गाडीला बॉनेट लागलेले आहे असे वाटते. फ्यूजपेटीपर्यंत पोचण्यासाठी दरवाजा उघडा ठेवायचा असेल, तर त्याची खिट्टीही तशीच बसवावी. किल्ली गाडीपासून दूर ठेवावी. मीटर १० अँपिअरच्या खुणेवर ठेवून त्याची लाल तार योग्य भोकात आहे ना, हे पाहावे. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे टोक तेथून निघणाऱ्या केबलच्या पट्टीला आधी पकडीने जोडावे आणि त्यानंतरच पट्टी खांबावरून उचलावी. असे केल्याने प्रवाह क्षणभरही खंडित होत नाही आणि झोपलेले नियंत्रक जागे होत नाहीत. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, सेल्फ तर मुळीच मारू नये, कारण सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर लागतात आणि मीटरमधला फ्यूज तत्काळ उडतो. सुरुवातीला मीटरवर एकदोन अँपिअरही दिसतील. तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे. गाडीतले नियंत्रक एकामागून एक झोपी जातात, आकडा पायरीपायरीने उतरतो, आणि तो स्थिरावायला वीस मिनिटांपासून तासभरही लागू शकतो. तोवर गाडीला हात लावू नये. आकडा ०.०३ वर स्थिरावला, तर गाडी निर्दोष आहे, ०.३३ वर अडून बसला, तर गळती सापडली आहे आणि आता फक्त तिची वाट शोधायची आहे.

ही वाट शोधण्याची पद्धत भारतीय न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. कारण असताना कार्य असणे याला अन्वय आणि कारण नसताना कार्य नसणे याला व्यतिरेक म्हणतात; स्वयंपाकघरात धूर आहे कारण तेथे अग्नी आहे, आणि जलाशयावर अग्नी नाही म्हणून धूरही नाही, हे त्याचे परंपरागत उदाहरण. फ्यूज काढला आणि ०.३३ चे ०.०३ झाले, हा व्यतिरेक. तोच फ्यूज पुन्हा बसवला आणि आकडा पुन्हा वर गेला, हा अन्वय. दोन्ही जुळले, की त्या शाखेवर दोष निश्चित होतो. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आधुनिक गाडीत फ्यूज काढून पुन्हा बसवला, की त्या शाखेवरचा नियंत्रक जागा होतो आणि मग दिसणारा वाढीव आकडा गळतीचा की जाग आल्याचा, हे तत्काळ कळत नाही. म्हणून फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटरची टोके टेकवून मिलिव्होल्ट मोजणे अधिक श्रेयस्कर ठरते. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओम याने १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रवाह वाहणाऱ्या प्रत्येक रोधावर व्होल्टेजची अल्पशी घट होते, आणि फ्यूजला अगदी थोडा असला तरी रोध असतोच. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजचा रोध साधारण सातआठ मिलिओम, म्हणजे ओमच्या हजारांशांत मोजण्याइतका असतो. त्यामुळे ३०० मिलिअँपिअर वाहत असतील, तर त्याच्या टोकांवर दोन-सव्वादोन मिलिव्होल्ट दिसतात आणि जेथून काहीच वाहत नाही तेथे शून्य दिसते. फ्यूजपेटीतले तीसचाळीस फ्यूज अशा रीतीने दहा मिनिटांत तपासून होतात आणि गाडीतला एकही नियंत्रक त्याने चाळवत नाही.

गळती ज्या ठिकाणी सापडते ती ठिकाणेही बहुतेक वेळा साधीच असतात. बाजारातून आणून बसवलेल्या संगीतयंत्राला तीन मुख्य तारा असतात : स्मृती टिकवण्यासाठी सतत वीज घेणारी पिवळी, किल्लीबरोबर चालू-बंद होणारी लाल आणि अर्थिंगची काळी. घाईत किंवा गाडी बंद असतानाही गाणी ऐकता यावीत म्हणून पिवळी आणि लाल एकत्र पिळून चिकटपट्टी गुंडाळली, की यंत्राचा पडदा काळा दिसला तरी ते आतून रात्रभर जागे राहते. डिकीतला दिवा झाकण लावल्यावरही विझत नाही, आणि झाकण लावलेले असल्यामुळे तो कोणाला दिसत नाही. ५ वॅटचा तो लहानसा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर घेतो आणि दिवसाला १० अँपिअर-तास संपवतो. एखाद्या रिलेचे, म्हणजे अल्प प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकीय कळीचे, संपर्कबिंदू जळून चिकटतात. कोकणातल्या पावसात फ्यूजपेटीत किंवा दाराच्या जोडणीत शिरलेले पाणी विजेला वाट करून देते. सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या मानकाप्रमाणे स्थाननिदर्शक यंत्र बसवणे बंधनकारक झाल्यापासून आणि खासगी गाड्यांतही असे ट्रॅकर व डॅशकॅम आल्यापासून सतत वीज घेणाऱ्या जोडण्यांची संख्या वाढली आहे. ही उपकरणे आवश्यक असू शकतात, पण ती कोणत्या तारेवरून वीज घेतात, हे बसवणाऱ्याने तपासलेले असतेच असे नाही. आणि सगळे फ्यूज निर्दोष ठरूनही आकडा खाली येत नसेल, तर संशय अल्टरनेटरवर जातो, कारण त्याची जाड तार नेहमीच्या फ्यूजपेटीतून जात नाही. त्यातला एखादा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक, बिघडला, की रात्री बॅटरीतली वीज उलट वाटेने त्यातच जिरते. ती तार सुरक्षितपणे सोडवताच आकडा पडला, तर उत्तर मिळाले. या यादीतले बहुतेक दोष तार वेगळी करून, बटण बदलून किंवा जोडणी कोरडी करून दूर होतात. त्यांतला एकही दोष नव्या बॅटरीने दूर होत नाही.

चौथा आक्षेप संगणकांचा आहे. नियंत्रकांना दोन तारांवरून परस्परांशी बोलू देणारी कॅन ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली आणि आज ती जवळपास प्रत्येक मोटारीत आहे. तेव्हा आता स्कॅनरशिवाय काहीच सापडणार नाही, असे सांगितले जाते. स्कॅनर उपयुक्त साधन आहे, परंतु तो मुख्यतः गाडीतल्या नियंत्रकांनी स्वतः नोंदवलेल्या तक्रारीच वाचतो. डिकीतला दिवा तक्रार नोंदवत नाही, बाहेरून बसवलेल्या संगीतयंत्राशी गाडीच्या संगणकाची ओळखच नसते, आणि बिघडलेला डायोड रात्री किती वीज जिरवतो, याची नोंद नियंत्रक सहसा ठेवत नाहीत. उलट स्कॅनर जोडताच झोपलेले नियंत्रक जागे होतात, म्हणजे ज्या अवस्थेची परीक्षा करायची तीच अवस्था नाहीशी होते. पूर्वपक्षाचे एक म्हणणे येथे मान्य करावे लागते : एखादा नियंत्रक रात्रीतून अधूनमधून जागा होऊन पुन्हा झोपत असेल, तर तासाभराच्या मापनात तो सापडणार नाही आणि त्यासाठी रात्रभर नोंद ठेवणारा मीटर किंवा अधिकृत सेवाकेंद्राची मदत लागेल. परंतु अपवादात्मक दोष अवघड आहे म्हणून नेहमीच्या दोषाचाही शोध घेऊ नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

शेवटचा आक्षेप परवडण्याचा आहे आणि तोच सर्वांत गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण कारागिराचे पोट मजुरीवर चालते. बॅटरी विकली, की दहा मिनिटांत व्यवहार संपतो; गळती शोधली तर तासभराच्या कामाचे पैसे कोण देणार, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एवढेच, की शोधाची मजुरी उघडपणे मागावी आणि ती गिऱ्हाइकाने खळखळ न करता द्यावी. लहान गाडीच्या बॅटरीला चारपाच हजार रुपये मोजणाऱ्या मालकाला, त्याच बॅटरीचे आयुष्य राखणाऱ्या तासाभराच्या कौशल्याचे काही शे रुपये जड वाटता कामा नयेत. वस्तूचे पैसे द्यायचे आणि अकलेचे द्यायचे नाहीत, या सवयीमुळेच निदानाचे कौशल्य गॅरेजांतून हद्दपार होत आहे आणि हाताखाली शिकणारी मुले मोजण्याऐवजी बदलायला शिकत आहेत.

या हिशोबात आणखी एक खर्च धरला पाहिजे, जो ना कारागिराच्या वहीत दिसतो ना मालकाच्या. लहान गाडीची नऊदहा किलोची बॅटरी निम्म्याहून अधिक वजनाने शिसे आणि त्याची संयुगेच असते, आणि शिसे हे मुलांच्या मेंदूवर आघात करणारे विष आहे. सेनेगलच्या राजधानीजवळच्या थियारॉय येथे जुन्या बॅटऱ्यांतले शिसे वेगळे काढण्याच्या उद्योगामुळे २००७-०८ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत १८ बालकांचा बळी गेला. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने जगातल्या दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात चिंताजनक पातळीचे शिसे असल्याचे दाखवले आणि त्याच्या प्रमुख कारणांत बॅटऱ्यांच्या बेकायदा, उघड्यावरच्या वितळण्याची गणना केली. भारतात २००१ च्या नियमांच्या जागी २०२२ मध्ये नवे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले आणि जुनी बॅटरी परत घेऊन रीतसर पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. हे योग्यच झाले. तथापि वेळेआधी फेकलेली प्रत्येक बॅटरी या साखळीवरचा भार वाढवते, आणि साखळीबाहेर निसटणारी प्रत्येक बॅटरी कुठल्या तरी वस्तीतल्या भट्टीपर्यंत पोचण्याची शक्यता असते. न मोजता बदललेली बॅटरी ही केवळ एका मालकाची चूक राहत नाही.

तेव्हा वाचकांना आवाहन इतकेच आहे, की पुढच्या वेळी गाडी सुरू झाली नाही आणि समोर नव्या बॅटरीची पावती आली, तर तिचे पैसे देण्याआधी कारागिराला तीन आकडे लिहून मागावेत : पूर्ण भरलेल्या बॅटरीचा विश्रांतीनंतरचा व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचा व्होल्टेज, आणि कुलूपबंद गाडी झोपी गेल्यानंतर तिच्यात जाणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये. तिसरा आकडा पन्नाशीच्या आत असेल आणि पहिल्या दोहोंतून दोष बॅटरीचाच ठरत असेल, तर नवी बॅटरी निःशंकपणे घ्यावी. तो शेकड्यांत असेल, तर दोष तारेत, दिव्यात किंवा डायोडमध्ये आहे, आणि तो सापडेपर्यंत बॅटरीला हात लावू नये.